विश्लेषण : स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे विकणारे राजा गोसावी कोण होते?

म्हसवडच्या एका बाजूला आटपाडी तालुक्यातले माडगूळ, दुसऱ्या बाजूला खटाव तालुक्यातले सिद्धेश्वर कुरोली. माडगूळच्या गदिमांनी लिहिलेला आणि कुरोलीच्या राजा गोसावींनी नायक म्हणून गाजवलेला ‘लाखाची गोष्ट’ १९५२ मध्ये आला. माणदेशी दुष्काळी पट्ट्यातली ही दोन माणसे. महिनाभरात लाख रुपये उडवून दाखवण्याची गोष्ट त्यांनी मराठी माणसाला हसत हसत सांगितली!

राजाराम शंकर गोसावी यांचा जन्म २८ मार्च १९२५ चा. घरची परिस्थिती बेताची. चित्रपटाच्या ओढीने ते मास्टर विनायकांकडे पोचले, ते नट म्हणून नव्हे, तर घरकाम करणारा पोऱ्या म्हणून. पुढे स्टुडिओत पडेल ते काम केले. दामुअण्णा मालवणकरांच्या नाटक कंपनीत छोट्या भूमिका मिळाल्या. विनोदाचा वेळ साधणे ते तिथे शिकले, असे मानायला हरकत नाही. दामुअण्णांसारखा मास्तर सगळ्यांच्या नशिबी नसतो.

पोटासाठी ते पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकीट खिडकीवर बसत. राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला ‘लाखाची गोष्ट’ तिथेच लागला आणि पडद्यावरचा नायक खिडकीतून तिकिटे देऊ लागला. कफल्लक, सरळमार्गी, गोंधळलेला तरुण त्यांनी उभा केला. प्रेक्षकाला तो पटला, कारण हा माणूस त्याला नुकताच खिडकीत भेटलेला असे. शरद तळवलकरांबरोबर त्यांची जोडी पुढे जमली. रंगभूमीवर ‘एकच प्याला’मधला तळीरामही त्यांनी रंगवला.

जुन्या विनोदवीरांना जिवंत ठेवतात ती त्यांची रसिक मंडळे. लॉरेल-हार्डींच्या चाहत्यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कला मंडळ काढले. त्याला जोडगोळीच्या १९३३ च्या ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ चित्रपटाचेच नाव दिले. शाखांना ‘तंबू’ म्हणतात आणि प्रत्येक तंबू त्यांच्या एखाद्या चित्रपटाचे नाव घेतो. कच्छमधल्या आदिपूरला १९७३ पासून चार्ली सर्कल आहे. तिथे दर १६ एप्रिलला, चॅप्लिनच्या वाढदिवशी, डझनावारी चार्ली काठी फिरवत मिरवणुकीने निघतात. या मंडळांचे मुख्य काम साधेच : एकत्र जमून चित्रपट पाहणे. विनोदाला शेजारच्याचे हसू लागते. मोबाइलवर एकट्याने पाहिलेला ‘लाखाची गोष्ट’ निम्माच पोचतो.

गोसावींची जन्मशताब्दी २०२५ मध्ये झाली. म्हसवडला तंबू काही नवा नाही. जत्रा-यात्रांत तंबूतले सिनेमे पाहतच गावागावांतल्या पिढ्या वाढल्या. गोसावींच्या नावाचा एखादा तंबू इथे उभा करायचा, तर एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि २८ मार्चची संध्याकाळ एवढे सुरुवातीला पुरेल.

गोसावी स्वतः शेवटपर्यंत प्रेक्षकांसमोर उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात नाटकाच्या प्रयोगाआधी, रंगपटात तयार होत असतानाच त्यांचे निधन झाले. त्र्याहत्तरावा वाढदिवस महिन्यावर होता.