राऊळांना सांभाळणारं गाव

राऊळ म्हटलं की आमच्या वसई-विरारकडे आधी आठवतं ते तळकोकणातलं आडनाव. सावंतवाडी-कुडाळकडून येऊन नालासोपारा, विरारला स्थिरावलेलं एखादं तरी राऊळ कुटुंब आपल्या ओळखीचं असतंच. पण मैत्रिणींनो, आज मी ज्या राऊळांबद्दल लिहितेय ते विदर्भातले आणि सातशे वर्षांपूर्वीचे. गुंडम राऊळ, म्हणजेच श्रीगोविंदप्रभू. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक आणि श्रीचक्रधर स्वामींचे गुरू. पंथाची मंडळी त्यांना परमेश्वराचा अवतार मानतात. त्या श्रद्धेला नमस्कार करूनच मी पुढचं सांगते. मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या गावाबद्दलही. कारण याच गावाने त्यांना वेडं म्हटलं आणि याच गावाने त्यांना आई-बापही म्हटलं.

बाराव्या शतकाच्या अखेरीस काटसुरे नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. आई-वडील लहानपणीच गेले. आजोळच्या माणसांनी त्यांना रिद्धपूरला आणून वाढवलं. हे रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात आहे. रीतीप्रमाणे मुंज झाली, गुरूंच्या घरी शिक्षण सुरू झालं. पुढे त्यांनी संसार केला नाही. सगळं आयुष्य याच गावात आणि आसपासच्या परिसरात गेलं.

आता हे आयुष्य कसं होतं ते ऐका. राऊळ आपल्याशीच बोलत, आपल्याशीच हसत. मनात आलं की उठून चालायला लागत. देवळात गेले की मूर्तीशी गप्पा मारत. मोठं वय झालं तरी लहान मुलांसारखे खेळात रमत. कुणाच्याही घरात न विचारता शिरत, चुलीपर्यंत जात, दिसेल ते खात. बोलण्याची तऱ्हाही निराळी. एखादी गोष्ट करावी म्हणत आणि लगेच करू नये म्हणत. एक शिव्याशापाचा शब्द सारखा तोंडात असे, पण त्यात राग असेच असं नाही. खरोखर राग आला तर मात्र हातही उगारत. खाण्याचे हट्ट तर विचारूच नका.

गावाला हे विचित्र वाटणारच. राऊळ वेडे आहेत, राऊळांना पिसं लागलंय, असं लोक उघड म्हणत. त्यांच्या वागण्यातली सगळ्यात खुपणारी गोष्ट वेगळीच होती. कोणत्या घरात जावं आणि कोणत्या नाही, ही गावाची रीत त्यांना लागूच नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जात, तिथे खात आणि तसेच उठून सोवळ्याओवळ्याच्या घरात शिरत. मानाच्या मंडळींचा संताप झाला, तक्रारी झाल्या. राऊळांच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

पण याच राऊळांच्या दुसऱ्या आठवणीही त्याच गावाने जपल्या. अडलेल्या बाईच्या मदतीला धावून जाणारे राऊळ. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी नव्हतं तेव्हा कुठे खणायचं ती जागा दाखवणारे राऊळ. तिथे पाणी लागलं, अशी लीळा आहे. अशा वेळी त्याच लोकांच्या तोंडी, राऊळ आमची माय, राऊळ आमचा बाप, असं येई. आपल्यातच हरवलेला वाटणारा हा माणूस आजूबाजूचं सगळं बघत होता. कुणाला काय हवंय हे त्याला कळत होतं. फक्त ते दाखवायची त्याची रीत चारचौघांसारखी नव्हती.

मला हे चरित्र आठवलं त्याचं कारण आपल्या रोजच्या जगण्यातलं आहे. विरार लोकलच्या लेडीज डब्यात कधी कधी एखादी आई आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन चढते. बाजूने फास्ट गाडी धडधडत गेली की मूल कानावर हात दाबून ओरडतं. तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं. कुणी नाव विचारलं तर बघतही नाही. मग कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं वेडं आहे, कुणी म्हणतं आईने लाडावून ठेवलंय, कुणी हळूच सरकून बसतं. एखादी तर अंगारा कुठे मिळतो तेही सांगते! आणि ती आई खाली मान घालून पुढचं स्टेशन कधी येतंय याची वाट बघते.

अशा बऱ्याच मुलांना ऑटिझम असतो. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. शब्द सोपा आहे, पण थोडा फसवाही आहे. त्यातून वाटतं, मूल मुद्दामच आपल्यात मग्न होऊन बसलंय. तसं नसतं. ही मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी ठेवण आहे. आवाज, उजेड, स्पर्श काही मुलांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतात. मनातलं शब्दांत सांगणं अवघड जातं. रोजचा क्रम मोडला की जीव घाबरा होतो. हा भूतबाधेचा प्रकार नाही आणि आईच्या वळणाचा दोष तर मुळीच नाही.

हे शेवटचं वाक्य कळायला डॉक्टरांनाही फार वेळ लागला, बघा. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये अशा 11 मुलांची माहिती पहिल्यांदा एकत्र प्रसिद्ध केली. मुलांचं निरीक्षण त्यांनी बारकाईने केलं. पण त्यांच्या आई-वडिलांत माया कमी दिसते, असंही त्यांनी लिहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मोठमोठी माणसं आईलाच बोल लावत राहिली. शेवटी 1969 मध्ये पालकांच्याच एका सभेत कॅनर यांनी आई-वडिलांना जाहीरपणे निर्दोष म्हटलं. तोवर किती बायकांनी स्वतःला दोषी मानून रात्री जागवल्या असतील!

राऊळांना ऑटिझम होता असं मी म्हणत नाहीये, हे स्पष्ट सांगते. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या दवाखान्याचं लेबल लावायचं नसतं, आणि हा तर अनेकांच्या श्रद्धेचा विषय. मला बघायचंय ते एवढंच, की वेगळ्या वागणुकीचा माणूस गावात जन्मभर राहिला तो कसा? कोणी सांभाळलं त्याला?

याचं उत्तर शोधताना एक बाई भेटते, महदाइसा. चक्रधर स्वामी निघून गेले, साधारण 1274 च्या सुमाराला, तेव्हा नागदेवाचार्य, म्हाइंभट अशी त्यांची शिष्यमंडळी रिद्धपूरला राऊळांच्या सेवेला आली. त्यांत महदाइसाही होती. बालविधवा, बुद्धीने तल्लख, चक्रधरांनाही प्रश्न विचारणारी. सेवा हा शब्द ऐकायला गोड वाटतो, पण घरात असं माणूस असलेल्या बाईला त्याचा खरा अर्थ माहीत असतो. राऊळांनी ढीडरं हवं म्हणून हट्ट धरला की चूल पेटवायला महदाइसाच. ढीडरं म्हणजे आपल्या धिरड्याच्या जातीतला पदार्थ. त्यांचं हो आणि नाही एकाच दमात यायचं, त्यातलं खरं कोणतं हे ओळखायचं. रागावले तर सोसायचं, खूश झाले तर त्यांच्याबरोबर खूश व्हायचं. ही मंडळी त्यांना सुधारायला आली नव्हती. त्यांची भाषा शिकायला आली होती.

याचा सगळ्यात सुंदर प्रसंग लग्नाचा. राऊळांच्या मनात आलं, आपलं लग्न व्हावं. वय तर नव्वदीच्या पुढचं! दुसरं कुणी असतं तर हसून विषय टाळला असता, नाहीतर दटावलं असतं. या मंडळींनी लग्नाचा थाट मांडला. आणि लग्न म्हटलं की गाणी हवीतच. ती रचून गायली महदाइसेने, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची. तेच तिचे धवळे. त्या धवळ्यांमुळे महदाइसा मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते.

मैत्रिणींनो, यात एक गोष्ट मला फार मोठी वाटते. विधवेला लग्नाच्या मांडवात पुढे येऊ न देण्याची रीत आपल्या आजी-पणजीने भोगली आहे. आजही हळदीला कुणाला बोलवायचं यावरून कुरबुर होतेच. इथे मात्र, गावाने वेडा ठरवलेल्या म्हाताऱ्याच्या लग्नात, समाजाने अशुभ ठरवलेली बाई मंगलगीतं गाते. एकाचा हट्ट हसण्यावारी नेला नाही, म्हणून दुसरीचा गळा मोकळा झाला. एका माणसासाठी आपण दार उघडतो, तेव्हा त्यातून आणखी कोण कोण आत येईल हे सांगता येत नाही.

1280 च्या दशकात राऊळांचं देहावसान झालं. मग म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून चरित्र लिहिलं, तीनशेहून अधिक लीळांचं. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी तो एक. मला म्हाइंभटांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी राऊळांचं हसणं, हट्ट, शिव्या यांवर पांघरूण घातलं नाही. गाव त्यांना वेडं म्हणायचं, हेही लपवलं नाही. आपण आपल्या घरातल्या अशा मुलाबद्दल पाहुण्यांसमोर इतकं मोकळेपणाने बोलतो का? आमच्याकडे कितीतरी घरांत पाहुणे आले की मूल आतल्या खोलीत जातं आणि दार लोटलं जातं. मोठ्या बहिणीच्या स्थळाची बोलणी असली तर विचारायलाच नको.

एक शंका तुमच्या मनात येईल, माझ्याही येते. राऊळांना लोकांनी देव मानलं, म्हणून सांभाळलं. आपल्या मुलाला कोण देव मानणार? हे खरंच आहे. म्हणूनच मला आजकालच्या दुसऱ्या टोकाचीही भीती वाटते. ऑटिझम म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग याला गणित फार छान येतं का? चित्रं काढतो का? काहींना येतं, बऱ्याच जणांना नाही येत. वेडा म्हणून दूर ठेवायचं, नाहीतर चमत्कार म्हणून बघायला जायचं, या दोन्हींच्या मधे साधा माणूस म्हणून जगायला जागा नको का? रिद्धपूरच्या घराघरांत राऊळ शिरत होते, खात होते, तेव्हा सगळेच काही त्यांना देव मानत नव्हते. वैतागत होते, बोलत होते, तरी राऊळ पुन्हा येतच होते. हे रोजचं सामावून घेणं मला भक्तीइतकंच मोलाचं वाटतं.

आज आपल्या हातात त्या गावापेक्षा जास्त आहे. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची नोंद आहे. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढता येतं, शाळेत प्रवेशाचा हक्क आहे, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. मूल नावाने हाक मारली तरी बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, बोलणं येऊन थांबलं असेल, तर अंगाऱ्यात वर्षं न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. लवकर मदत मिळाली तर मुलाचं शिकणं सोपं होतं.

आणि शेजारणीने काय करावं? प्रमाणपत्राची गरज नसलेलं काम आहे ते. असं मूल न विचारता आपल्या घरात आलं, सरळ स्वयंपाकघरात गेलं, तर त्याच्या आईला लाजेने धावत यायची वेळ आणू नये. तव्यावर धिरडं असेल तर एक त्याच्या हातावर ठेवावं. आणि दार उघडंच ठेवावं.