मातांचा कैवारी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालय साऱ्या युरोपात नावाजलेले होते. प्रसूतीसाठी येणाऱ्या गोरगरीब स्त्रियांकरिता तेथे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यात सुईणी व त्यांच्या शिकाऊ विद्यार्थिनी. स्त्रियांना एक दिवस पहिल्या, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात दाखल करून घेत असत. परंतु आज पाळी पहिल्या विभागाची आहे असे समजताच कित्येकजणी डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून, आपल्याला दुसऱ्या विभागात पाठवावे अशी विनवणी करीत.

त्यांचे हे भय निराधार नव्हते. बाळंतपणानंतर दोनचार दिवसांतच कित्येक मातांना तीव्र ताप भरे आणि त्यातच त्यांचा अंत होई. या रोगास सूतिकाज्वर म्हणतात. १८४६ साली दुसऱ्या विभागातील ३,७५४ बाळंतपणांत १०५ माता दगावल्या. पहिल्या विभागातील ४,०१० बाळंतपणांत मात्र ४५९! जेथे विद्वान डॉक्टर, तेथेच मृत्यूचे थैमान अधिक, हे कोडे कोणासही उलगडत नव्हते.

त्याच वर्षी इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या शहरी एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायद्याच्या अभ्यासासाठी तो व्हिएन्नास आला. परंतु लवकरच त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले व १८४४ साली तो डॉक्टर झाला. रोज डोळ्यांदेखत माता मरत आहेत, त्यांची अर्भके पोरकी होत आहेत, हे पाहून त्याचे अंतःकरण विदीर्ण होई. या अनर्थाचे मूळ शोधून काढायचेच, असा त्याने निश्चय केला.

दूषित हवेमुळे हा ताप येतो, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टर मानीत. पण दोन्ही विभागांची हवा एकच होती. गर्दीचा दोष म्हणावा, तर दुसऱ्या विभागात गर्दी अधिक असे. पहिल्या विभागात स्त्रिया प्रसूतीच्या वेळी उताण्या निजत, दुसऱ्यात कुशीवर; म्हणून त्याने पहिल्या विभागातही कुशीवर निजण्याची पद्धत सुरू केली. मरणासन्न रुग्णांकडे जाणारा धर्मोपदेशक घंटानाद करीत या विभागातून जाई. त्या नादाने स्त्रिया घाबरत असतील, या शंकेने त्याची वाटही बदलून पाहिली. मृत्यूंचे प्रमाण काही घटले नाही. एकेक तर्क तो कसोटीला लावी आणि खोटा ठरताच बाजूस सारी.

१८४७ च्या वसंत ऋतूत थोड्या विश्रांतीसाठी तो व्हेनिसला गेला होता. परत येतो तो एक दुःखद वार्ता त्याच्या कानी पडली. त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का मरण पावला होता. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्याच्या बोटास लागली होती आणि ती जखम चिघळून त्यास प्राणांतिक ज्वर आला होता. सेमेलवाइसने त्याच्या शवपरीक्षेचा वृत्तांत वाचला आणि तो थक्क झाला. सूतिकाज्वराने मेलेल्या मातांच्या शरीरात जी लक्षणे आढळत, तीच येथेही होती!

आता सारा उलगडा झाला. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करीत आणि तेथून प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना तपासावयास येत. साबणाने हात धुतले, तरी प्रेतांचा दर्प हातांस तसाच राही. त्या हातांबरोबरच मृत्यूही मातांपर्यंत पोहोचत असे. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणून त्यांच्या विभागात माता वाचत. रोगाचे मूळ सापडावे म्हणून सेमेलवाइस स्वतः मोठ्या निष्ठेने शवविच्छेदन करी. म्हणजे त्याच्याही हातांनी तोच अपराध घडत होता! ही जाणीव किती दाहक असेल! परंतु त्याने ती दडविली नाही. पुढे आपल्या ग्रंथात ती उघडपणे मांडली.

मे १८४७ पासून त्याने एक नियम घालून दिला. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणीही रुग्णास स्पर्श करू नये. त्यापूर्वी, एप्रिलमध्ये, शंभरांतील अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा दोनांवर आले. पुढे त्यास असेही दिसून आले, की सडलेल्या जखमेचा स्रावही असाच घातक असतो. म्हणून दोन रुग्णांच्या तपासणीमध्येही हात धुण्याचा दंडक त्याने घातला. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत केवळ ४५ मृत्यू झाले आणि दोन महिने तर असे गेले, की एकही माता दगावली नाही.

इतके होऊनही अनेक नामवंत डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा जगास नव्हते. शिवाय ज्या हातांनी आपण रुग्णांची सेवा करतो, तेच हात मृत्यूचे वाहक आहेत, हे कबूल करणे त्यांना जड गेले. सेमेलवाइसकडूनही एक चूक झाली. आपले संशोधन सविस्तर लिहून प्रसिद्ध करण्यास त्याने फार विलंब लावला. १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही आणि पुढल्या वर्षी खिन्न मनाने तो मायदेशी परतला. पेस्ट शहरातील एका रुग्णालयातही त्याने हाच नियम लावला व सूतिकाज्वरास जवळजवळ हद्दपार केले. १८६१ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु टीका थांबली नाही. तेव्हा संतापून त्याने विरोधकांना अतिशय कठोर पत्रे लिहिली. त्यामुळे वैर मात्र वाढले.

अखेरीस त्याचे मन ढळले. १८६५ साली त्यास व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे दोन आठवड्यांतच, जखम चिघळून रक्त दूषित झाल्यामुळे, १३ ऑगस्ट रोजी त्याचा अंत झाला. ज्या विषाशी तो जन्मभर झुंजला, त्यानेच त्याचा घास घेतला. नियतीचा खेळ असा, की आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरून जंतुनाशक उपचारांस प्रारंभ केला होता. पाश्चर, लिस्टर प्रभृतींच्या कार्याने जंतूंचे अस्तित्व सिद्ध झाले आणि सेमेलवाइसचा नियम खरा ठरला.

आज बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ त्याच्या नावाने ओळखले जाते. परंतु त्याचे खरे स्मारक तेवढेच नाही. रुग्णाजवळ जाण्यापूर्वी डॉक्टर किंवा परिचारिका स्वच्छ हात धुते, तेव्हा नकळत त्याचेच स्मरण होत असते. मुलांनो, स्वतःचे हात निर्दोष नाहीत हे ओळखण्यास धैर्य लागते. ते धैर्य त्याने दाखविले, म्हणून असंख्य बालकांना त्यांच्या माता लाभल्या.