बाहेर २७ डिग्री, काँक्रीटच्या खोलीत ३६! मातीच्या भिंतींसाठी आयुष्य घालवणारा हसन फतही

नवं घर बांधताना टाइल्स, किचनचा ओटा, बाथरूमचे नळ यावर घरात महिनाभर चर्चा होते. भिंत कशाची आणि किती जाडीची, हे मात्र बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टर ठरवतो. मग मे महिना उजाडला की कळतं, रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतोय.

या एका प्रश्नापायी इजिप्तमधल्या एका आर्किटेक्टने पन्नासेक वर्षं सरकार, कॉन्ट्रॅक्टर आणि खुद्द गावकरी अशा सगळ्यांशी झुंज घेतली. त्याचं नाव हसन फतही.

जन्म १९०० सालचा, अलेक्झांड्रियातला. घरची परिस्थिती उत्तम. १९२६ मध्ये कैरोतून आर्किटेक्चरची पदवी घेतली आणि पुढे तिथेच शिकवायला लागला. त्या काळात इजिप्तमध्ये भारी घर म्हणजे युरोपसारखं घर असा समज होता. फतहीला मात्र शेतकऱ्याची मातीची घरं दिसत होती. पायाखालची माती, त्यात गवताचा भुसा, उन्हात वाळवलेल्या विटा. आपल्याकडे ज्याला भेंडे म्हणतात, तेच.

अडचण होती छताची. भिंती फुकटात उभ्या राहायच्या, पण छताला लाकूड लागायचं आणि दुसऱ्या महायुद्धामुळे लाकूड-लोखंड दोन्ही मिळेनासं झालं होतं. मातीच्याच विटांची कमान करून छत घालावं म्हणून त्याने प्रयत्न केले. छतं कोसळली.

तेव्हा त्याच्या भावाने सांगितलं की दक्षिणेत, अस्वानकडे, न्युबियन लोक सेंटरिंगशिवाय अशी छतं घालतात. फतही १९४१ मध्ये तिथे गेला आणि बघतच राहिला. गवंडी आधी खोलीची मागची भिंत उंच घ्यायचे. मग त्या भिंतीवर रेलून, विटांचा पहिला थर तिरका लावायचे. पुढचा थर पहिल्यावर रेललेला, त्याच्यावर तिसरा. विटा हलक्या राहाव्यात म्हणून त्यात भुसा जास्त, आणि ओल्या असतानाच बोटांनी चर ओढलेले, म्हणजे चिखल घट्ट धरतो. खाली एकही टेकू नाही. फतहीने या गवंड्यांना उत्तरेत बोलावून घेतलं, आणि त्याला जमलं नव्हतं ते छत त्यांनी उभं केलं.

यानंतर १९४५ मध्ये त्याला मोठं काम मिळालं. लक्सरजवळच्या गुर्ना गावचे सुमारे सात हजार लोक प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर राहत होते आणि त्यातल्या वस्तू विकल्या जात होत्या. एक कोरीव शिल्प खडकासकट चोरीला गेल्यावर सरकारने गावच हलवायचं ठरवलं. फतहीने न्यू गुर्ना आखलं. जाड मातीच्या भिंती, घुमट, अंगणं, मशीद, बाजार, थिएटर.

लोक आलेच नाहीत. डोंगर सोडला की पोट कशावर भरायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यात घुमट म्हणजे थडगं, अशी भावना. कोणीतरी बांध फोडून नव्या गावात पाणीसुद्धा सोडलं. सरकारी बाबूंनी फायली अडकवल्या आणि काम अर्धवट थांबलं. फतहीने दोष बऱ्याच अंशी नोकरशाहीवर टाकला. पण लोकांच्या घरांचा विचार करताना त्यांच्या कमाईचा विचार कमी पडला, हेही खरंच.

पुढे तो काही वर्षं ग्रीसला गेला. परत आल्यावर १९६४ मध्ये कैरोत एक प्रयोग झाला. दोन खोल्या बांधल्या. एकीच्या भिंती ५० सेंटीमीटर जाड मातीच्या, वर मातीचंच छत. दुसरी १० सेंटीमीटरच्या तयार काँक्रीट पॅनलची. महिना मार्चचा. मातीच्या खोलीत चोवीस तासांत तापमान २१ ते २३ डिग्रीच्या मध्येच राहिलं. काँक्रीटच्या खोलीत ३६! म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ डिग्री जास्त.

हे होतं कसं? जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात. ते पोचेपर्यंत रात्र होते, आणि वाळवंटातली थंड हवा भिंत निववते. पातळ काँक्रीट उष्णता लगेच आत सोडतं. अर्थात तुलना पूर्ण समसमान नव्हती. एक भिंत दुसरीच्या पाचपट जाड होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मातीला देता येणार नाही. शिवाय रात्री गारवा पडतो तिथेच हा हिशोब नीट जुळतो. सोलापूर-मराठवाड्याची जाड भिंतींची माळवदाची घरं त्याच हिशोबातली. कोकणच्या दमट हवेत रात्रीही उकडतं, तिथे भिंतीच्या जाडीपेक्षा वारा आणि सावली जास्त कामाची.

पुढे वाळवंटात बारीस नावाचं गाव त्याने आखलं. तेही १९६७ च्या युद्धामुळे थांबलं. नाव झालं ते पुस्तकामुळे. गुर्नाची कहाणी १९७३ मध्ये शिकागोतून इंग्रजीत छापली गेली आणि जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत वाचली जाऊ लागली. १९८० मध्ये आगा खान आणि राइट लाइव्हलिहूड असे दोन मोठे पुरस्कार मिळाले. १९८९ मध्ये कैरोत त्याचं निधन झालं.

न्यू गुर्नात नंतर लोक राहायला आले. कुटुंबं वाढली आणि घुमटावर दुसरा मजला चढवता येईना. जमिनीतल्या खारट पाण्याने भिंती खाल्ल्या. एकेक घर पाडून तिथे काँक्रीट आलं. मशिदीसारख्या उरलेल्या इमारती जपायचं काम युनेस्कोने हाती घेतलं.