जगदीशचंद्र बोस : टॉवर येण्याच्या शंभर वर्षं आधी लहरी मोजणारा माणूस

हैदराबाद : काचीगुडा असो की सुलतान बाजार, मान वर केली की कुठल्या ना कुठल्या गच्चीवर मोबाईल टॉवर दिसतोच. नांदेड, आदिलाबाद, बिदर, कलबुर्गीकडेही तेच चित्र. टॉवर उभा राहिला की सोसायटीत दोन गट पडतात. एकाला भाडं हवं असतं, दुसऱ्याला भीती वाटत असते. या लहरींनी शरीराला काही होतं का, हा प्रश्न आपल्याकडे मोबाईलसोबत आला असं आपण समजतो. पण ज्या भारतीयाने या लहरी सव्वाशे वर्षांपूर्वी टेबलावर तयार केल्या, त्यानेच पुढे सजीवांवर त्यांचा काय परिणाम होतो हेही तपासलं होतं. त्यांचं नाव सर जगदीशचंद्र बोस.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, पण मुलाला त्यांनी इंग्रजी शाळेत न घालता आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे कोळ्याची आणि शिपायाची मुलं त्याच्या शेजारी बसायची. झाडं, मासे, किडे यांची ओढ तिथेच लागली. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समधून ते लंडनला वैद्यकी शिकायला गेले. पण ताप पाठ सोडेना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना. शेवटी वैद्यकी सोडून त्यांनी केंब्रिजला विज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले त्यांचे शिक्षक होते.

तीन वर्षं पगाराला हात लावला नाही

1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. हिंदी माणसाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार आणि नेमणूक हंगामी असली तर त्याचाही निम्मा, असा तेव्हाचा हिशोब होता. बोस यांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. तीन वर्षं नीट शिकवलं आणि पगाराला हातच लावला नाही. घरावर वडिलांचं कर्ज होतं, 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्नही झालेलं होतं. तरी ते मागे हटले नाहीत. शेवटी सरकारने पूर्ण पगार मान्य केला आणि मागची थकबाकीही दिली. त्या पैशातून वडिलांचं देणं फिटायला मदत झाली.

प्रयोगशाळा म्हणाल तर नावालाच होती. कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत, गावच्या कारागिराकडून उपकरणं बनवून घेत त्यांनी 1894 च्या सुमारास संशोधन सुरू केलं. जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी असतात हे आधीच सिद्ध केलं होतं, पण त्यांच्या लहरी लांब होत्या. बोस यांनी 5 ते 25 मिलिमीटर इतक्या आखूड लहरी तयार केल्या. त्यामुळे सगळा प्रयोग टेबलावर मावू लागला.

1895 मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी याचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. तार नाही, काही नाही, तरी लहर भिंती ओलांडून पलीकडच्या खोलीत गेली, घंटा वाजली आणि दारूगोळा पेटला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर वाटेत उभे होते, लहर त्यांच्या अंगातूनही गेली. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या शरीरात किती ऊर्जा शिरली, असा प्रश्न मनात आणण्याची ती वेळच नव्हती.

1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. लहर पकडण्यासाठी पारा आणि लोखंड वापरून त्यांनी केलेल्या साधनाची माहिती 1899 मध्ये रॉयल सोसायटीपुढे गेली. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पकडला, तेव्हा त्याच जातीचं साधन वापरलं होतं. नाव मात्र मार्कोनीचं झालं. बोस यांना शोधातून पैसा करायचा नव्हता. मित्रमंडळींच्या आग्रहाखातर घेतलेलं एक अमेरिकी पेटंट 1904 मध्ये मंजूर झालं, त्याचाही त्यांनी धंदा केला नाही.

लहरींकडून झाडांकडे

पुढे बोस वनस्पतींकडे वळले. झाड दिवसभरात किती वाढतं हे डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं, ते ही वाढ हजारो पट मोठी करून दाखवी. 30 नोव्हेंबर 1917 ला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संस्था उभी केली. 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

याच काळात, 1919 मध्ये, त्यांनी बिनतारी लहरींचा झाडांवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. त्यांच्या नोंदीनुसार क्षीण लहरीने झाडाची वाढ थोडी वेगावते, जोरदार लहरीने ती मंदावते. यावरून माणसाला मोबाईलने काय होतं हे ठरवता येणार नाही. ठिणगीचं जुनं यंत्र वेगळं आणि आजचा फोन वेगळा. पण बोस यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा होता. लहर चांगली की वाईट एवढ्यावर ते थांबले नाहीत. लहर किती जोराची, यावर परिणाम कसा बदलतो, हे त्यांनी मोजलं.

त्या काळातच हा फरक किती महत्त्वाचा आहे हे क्ष-किरणांनी दाखवलं होतं. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांवर काम करता करता भाजला आणि 1904 मध्ये मरण पावला. क्ष-किरण पेशीतले रेणू तोडू शकतात. रेडिओ लहरीत तेवढी ताकद नसते. तिचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि ऊब मात्रेवर अवलंबून असते.

मर्यादा आली कुठून?

1930 च्या दशकात रेडिओ हैदराबादेतही पोचला. डेक्कन रेडिओचा कारभार 1935 मध्ये निजाम सरकारने हाती घेतला. बोस तेव्हा हयात होते. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. लहरींवर मर्यादा घालण्याची चर्चा त्यांच्यानंतर, रडार आल्यावर सुरू झाली. 1950 च्या दशकात अमेरिकेत दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिवॅट, म्हणजे चौरस मीटरला 100 वॅट, हा आकडा पुढे आला.

भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा भाग इतकी कडक मर्यादा लावली. 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट, 1800 ला 0.9 वॅट, तर 2000 च्या वर 1 वॅट. हँडसेटसाठी दर किलो वजनामागे 1.6 वॅट, तेही एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवलं. याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, शंका मिटलेली नाही, आणि धोका सिद्धही झालेला नाही.

योगायोग असा की त्याच सप्टेंबर 2012 मध्ये बोस यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने मैलाचा दगड म्हणून मान दिला. 2022 च्या लिलावात 5जीसाठी विकल्या गेलेल्या 26 गिगाहर्ट्झ पट्ट्याची लहर साधारण साडेअकरा मिलिमीटरची आहे. म्हणजे बोस यांच्या टेबलावरचीच.

घरी काय करता येईल

फोनवर स्टार, हॅश, 07, हॅश दाबलं की बहुतेक हँडसेटवर सार, म्हणजे शरीरात शोषली जाणारी ऊर्जा, किती ते दिसतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत लहरीचा जोर चौथाई होतो, म्हणून लांबलचक बोलणं स्पीकरवर किंवा इयरफोनवर करणं बरं. रेंज कमी असेल तर फोन जास्त जोर लावतो. त्यामुळे टॉवर फार लांब असणंही फायद्याचं नाही. शेजारच्या टॉवरबद्दल शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर त्याची माहिती पाहता येते आणि मोजणीची मागणीही करता येते. आंध्र आणि तेलंगणासाठी खात्याचं कार्यालय हैदराबादेतच आहे.

सोसायटीच्या बैठकीत आवाज चढवण्याआधी आकडा मागवलेला बरा. बोस आयुष्यभर तेच करत आले. ज्याची भीती वाटते ते त्यांनी आधी मोजलं, ज्याचा अभिमान वाटतो तेही मोजलं.