सागरतीरावरच्या हिरवळीचा राखणदार

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज हे शहर आकाराने लहान असले तरी त्याची कीर्ती मोठी आहे. स्कॉटलंडमधील सर्वांत जुने विद्यापीठ येथे आहे, मध्ययुगीन कॅथेड्रलचे भव्य अवशेष येथे आहेत. पण जगभरातील हजारो माणसे दरवर्षी या गावाची वाट धरतात ती समुद्राकाठच्या एका ओबडधोबड माळरानासाठी. गोल्फच्या दुनियेत हा माळ 'ओल्ड कोर्स' या नावाने ओळखला जातो. या मैदानाच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलला एका माणसाचे नाव दिलेले आहे. तो कोणी राजा नव्हता, सरदार नव्हता की या मैदानाचा मालकही नव्हता. तो एका विणकराचा मुलगा होता आणि या हिरवळीची निगा राखणे हे त्याचे काम होते. टॉम मॉरिस हे त्याचे नाव. पुढे त्याच्याच नावाचा मुलगा त्याच्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच गाजला, म्हणून इतिहासाने बापाला 'ओल्ड टॉम' म्हटले.

टॉमचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूजमध्ये झाला. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये पसरलेल्या वाळूच्या पट्ट्याला तेथे 'लिंक्स' म्हणतात. या जमिनीत धान्य पिकत नाही. खारा वारा सोसणारे बारीक, चिवट गवत तेवढे तेथे तग धरते. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी ज्या खळग्यांत अंग टाकले आणि सशांनी जी बिळे उकरली, त्यांतूनच पुढे गोल्फमधले 'बंकर' म्हणजे वाळूचे खड्डे तयार झाले, असे मानले जाते. हा माळ साऱ्या गावाचा होता. बायका तेथे कपडे वाळत घालीत, कोळी जाळी पसरीत आणि त्या साऱ्यांतून वाट काढीत लोक गोल्फ खेळत. १७५४ मध्ये २२ प्रतिष्ठितांनी येथे गोल्फची संस्था स्थापन केली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याच्या आश्रयाने तिला 'रॉयल अँड एन्शंट' हे बिरुद मिळाले. क्लब उमरावांचा आणि माळ गावाचा, अशी ही विलक्षण रचना होती. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत टॉमचे सारे आयुष्य गेले.

किशोरवयातच टॉम हा अ‍ॅलन रॉबर्टसन याच्याकडे उमेदवारीला लागला. रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. गोल्फमधला पहिला व्यावसायिक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मात्र त्याचा चरितार्थ चाले तो चेंडू बनवण्यावर. चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून भरायची आणि तिचा दगडासारखा टणक चेंडू करायचा, हे अतिशय कष्टाचे काम होते. कसलेल्या कारागिरालाही दिवसाकाठी तीन-चार चेंडूच जमत. साहजिकच ते महाग असत आणि खेळ बऱ्याच अंशी धनिकांपुरता मर्यादित राही. मालक आणि उमेदवार जोडीने खेळत, तेव्हा त्यांना हरवणे जवळजवळ अशक्य असे. १८४९ मध्ये मसलबराच्या डन बंधूंविरुद्ध ४०० पौंडांच्या पैजेचा सामना या जोडीने जिंकला. पैज लावणारे धनिक आणि खेळणारे कारागीर, असा तो जमाना होता.

याच सुमारास मलाया द्वीपकल्पातील झाडाच्या चिकापासून बनणारा 'गट्टा पर्चा'चा चेंडू आला. गरम पाण्यात मऊ करून हातावर वळला की चेंडू तयार. तो स्वस्त होता आणि टिकाऊही. रॉबर्टसनला त्यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. असे चेंडू विकत घेऊन त्याने ते जाळूनही पाहिले. एके दिवशी खेळताना टॉमजवळचे चेंडू संपले आणि त्याने सोबत्याकडून हा नवा चेंडू घेऊन डाव पुरा केला. ही बातमी मालकाच्या कानावर गेली, वाद झाला आणि गुरु-शिष्यांची वाट वेगळी झाली. नव्या चेंडूपुढे पिसांचा चेंडू टिकणार नाही, हे टॉमने ओळखले होते. पुढे रॉबर्टसनलाही ते मान्य करावे लागले आणि दोघे पुन्हा एकत्र खेळलेही.

१८५१ मध्ये कर्नल जेम्स ओगिल्व्ही फेअर्ली यांच्या बोलावण्यावरून टॉम पत्नी नॅन्सी आणि तान्ह्या मुलासह पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकला गेला. तेथे नव्याने क्लब स्थापन झाला होता. हाती आलेली जागा तोकडी होती. एका बाजूला रेल्वेमार्ग, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूच्या उंचसखल टेकड्या. टॉमने या जागेत १२ होलची आखणी केली. काही होल एकमेकांना छेदून जात आणि काही ठिकाणी टेकडीपलीकडची हिरवळ दिसतही नसे, केवळ अंदाजाने चेंडू मारावा लागे. पहिलाच होल ५७८ यार्डांचा होता. टेकड्या सपाट करण्याची साधने तेव्हा नव्हती आणि टॉमची तशी वृत्तीही नव्हती. जमिनीने जे दिले आहे त्यातच खेळ शोधायचा, ही त्याची पद्धत. 'आल्प्स' आणि 'हिमालय' अशी नावे मिरवणारे प्रेस्टविकचे होल आजही खेळाडूंची परीक्षा पाहतात.

१८५९ मध्ये रॉबर्टसन मरण पावला आणि आता सर्वश्रेष्ठ कोण, असा प्रश्न उभा राहिला. त्याचा निकाल लावण्यासाठी प्रेस्टविकने १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली. हीच पहिली ओपन स्पर्धा. लाल चामड्याचा आणि चांदीच्या बक्कलाचा पट्टा हे तिचे पारितोषिक होते. मैदान टॉमचे, पण पट्टा नेला मसलबराच्या विली पार्कने. टॉम दोन फटक्यांनी मागे राहिला. त्याने त्याची भरपाई १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ या चार विजयांनी केली. १८६२ चा विजय १३ फटक्यांच्या फरकाने होता. ओपन स्पर्धेतील तो विक्रम आजही अबाधित आहे. १८६७ मध्ये तो ४६ वर्षांचा होता आणि त्याच्याहून अधिक वयाचा ओपन विजेता अद्याप झालेला नाही. गंमत म्हणजे एवढा मोठा खेळाडू जवळचे, सोपे पट मात्र हमखास चुकवत असे. छोटे पट हुकवणारा, प्रेस्टविक, एवढाच पत्ता घातलेले पत्र पोस्टमनने बिनचूक त्याच्याच हाती दिले, अशी आख्यायिका आहे.

१८६५ च्या प्रारंभी टॉम सेंट अँड्र्यूजला परतला. वर्षाला ५० पौंड वेतनावर क्लबने त्याची हिरवळीचा रक्षक म्हणून नेमणूक केली. रॉबर्टसनच्या पश्चात ओल्ड कोर्सची अवस्था खालावली होती. जाणाऱ्या आणि येणाऱ्या खेळाडूंची गर्दी वाढल्याने एकाच प्रशस्त हिरवळीवर दोन-दोन होल ठेवण्याची प्रथा त्याआधीच सुरू झाली होती. टॉमने काटेरी झुडपे साफ करून मार्ग रुंद केले, हिरवळी वाढवल्या आणि स्विल्कन ओढ्याकाठी पहिल्या होलसाठी स्वतंत्र हिरवळ तयार केली. अठरावी हिरवळही त्यानेच घडवली. गवतावर वाळूचा पातळ थर पसरला की ते दाट आणि निरोगी होते, हे त्याने अनुभवातून जाणले आणि आयुष्यभर मजुरांकडून ते करून घेतले. आधुनिक मैदान-निगराणीच्या शास्त्राचा हा आरंभ मानला जातो.

पहिल्या होलच्या नव्या हिरवळीचा आणखी एक परिणाम झाला. पूर्वी मैदान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खेळले जाई, ते आता उलट दिशेनेही खेळता येऊ लागले. काही काळ दोन्ही दिशा आलटून पालटून वापरल्या गेल्या, म्हणजे गवताला विसावा मिळे. पुढे उलटी दिशाच रूढ झाली. आज खेळाडूला अनेक बंकर सुरुवातीच्या जागेवरून दिसत नाहीत किंवा अनपेक्षित जागी गाठतात, त्याचे एक कारण हेच. सात जोड-हिरवळी आणि शंभराहून अधिक बंकर असलेले हे मैदान कोणा एकाच्या आराखड्यातून उतरलेले नाही. वारा, मेंढ्या, गावकरी आणि टॉम मॉरिस या साऱ्यांनी मिळून ते घडवले.

दरम्यान मुलाचा तारा उगवला होता. टॉमी, म्हणजेच 'यंग टॉम', १८६८ मध्ये अवघ्या १७ व्या वर्षी ओपन जिंकला आणि दुसऱ्या क्रमांकावर होते त्याचे वडील. पुढची दोन वर्षेही टॉमीच जिंकला. सलग तीन विजयांमुळे पट्टा कायमचा त्याचा झाला. पारितोषिकच उरले नाही, म्हणून १८७१ मध्ये स्पर्धा झालीच नाही. १८७२ मध्ये ती पुन्हा भरली तेव्हाही टॉमीच विजेता ठरला. त्यानंतर आलेल्या 'क्लॅरेट जग' या चषकावर पहिले नाव त्याचेच कोरले आहे. बाप धनिकांपुढे टोपी उतरवणाऱ्या पिढीचा होता, तर मुलगा स्वतःच्या खेळाची किंमत स्वतः ठरवू पाहणारा होता.

सप्टेंबर १८७५ मध्ये पितापुत्र नॉर्थ बेरिक येथे विली पार्क आणि त्याचा भाऊ मुंगो यांच्याविरुद्ध खेळत होते. सामना संपत आला असताना तार आली. टॉमीची पत्नी मार्गारेट हिची प्रसूती अवघड झाली होती. उरलेले होल पुरे करून दोघांनी सामना जिंकला. रेल्वेने वळसा पडला असता, म्हणून एका बोटीने त्यांनी फर्थ ऑफ फोर्थची खाडी ओलांडली. पण ते घरी पोहोचेपर्यंत माता आणि नवजात बालक दोघेही दगावले होते. टॉमी या आघातातून सावरला नाही. त्या हिवाळ्यात बर्फ पडत असताना तो एक प्रदीर्घ सामना खेळला आणि नाताळच्याच दिवशी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, जग सोडून गेला. मृत्यूचे कारण फुप्फुसातील रक्तस्राव हे होते. मुलगा दुःखाने गेला, असे गाव म्हणत राहिले. बापाला ते कधी पटले नाही. दुःख जर प्राण घेत असते तर त्याचा स्वतःचा प्राण केव्हाच गेला असता. पहिला मुलगा चौथ्या वर्षी गेला होता. टॉमीपाठोपाठ १८७६ मध्ये नॅन्सी गेली. उरलेली तिन्ही मुलेही एकामागून एक त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

तरीही टॉमने हातातले काम सोडले नाही. पहाटे समुद्रात डुबकी, तोंडात पाईप, अठराव्या हिरवळीलगतचे दुकान आणि मैदानाची फेरी, हा त्याचा नेम हिवाळ्यातही चुकत नसे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवरून त्याला बोलावणी येत. मानधन दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. तो जमिनीवरून चालत जाई, हिरवळींच्या जागा हेरी आणि खुणेच्या काठ्या रोवून परत येई. म्यूरफिल्ड, रॉयल डॉर्नोक, आयर्लंडमधील रॉयल काउंटी डाऊन आणि लाहिंच अशा अनेक विख्यात मैदानांच्या घडणीत त्याचा हात आहे. साउथ युइस्ट बेटावर १८९१ मध्ये आखलेले अ‍ॅस्कर्निश काळाच्या ओघात गवतात हरवले होते. त्याचा शोध घेऊन ते २००८ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. त्याच्या हाताखाली शिकलेला डोनाल्ड रॉस पुढे अमेरिकेतील अग्रगण्य मैदानरचनाकार ठरला.

सेंट अँड्र्यूजचा मुंबईशीही एक धागा जुळलेला आहे. टॉम रॉबर्टसनच्या दुकानात चेंडू शिवत होता, त्याच काळात, १८४२ मध्ये, मुंबईत गोल्फ क्लब स्थापन झाला. रॉयल अँड एन्शंटच्या वसंत ऋतूतील स्पर्धेत दिले जाणारे एक रौप्यपदक 'बॉम्बे' या नावानेच ओळखले जाते.

१९०३ मध्ये, ८२ व्या वर्षी, टॉम निवृत्त झाला. ज्या क्लबच्या दिवाणखान्यात व्यावसायिकांना प्रवेश नसे, त्याच क्लबने सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्याचे तैलचित्र काढून घेतले. २४ मे १९०८ रोजी न्यू गोल्फ क्लबच्या जिन्यावरून पडून त्याचा अंत झाला. अंत्ययात्रेला सारे गाव लोटले होते. कॅथेड्रलच्या अवशेषांलगत, समुद्राच्या कुशीत, तो टॉमीच्या शेजारी विसावला आहे.

टॉमचा एक हट्ट मात्र अजून पाळला जातो. तो चर्चचा निष्ठावंत सेवक होता आणि रविवारी माणसांनी नाही तरी जमिनीने विश्रांती घ्यावी, असे त्याला वाटे. मोजक्या मोठ्या स्पर्धा वगळता ओल्ड कोर्स आजही रविवारी बंद असतो. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून निवांत फिरतात. अशा वेळी तो माळ पुन्हा साऱ्या गावाचा होतो.