डॉ. बाबासाहेबांचे न्यूयॉर्कमधील वास्तव्य

प्रतिवर्षी १ जानेवारीस नगरच्या बाजूने जो जनसमुदाय भीमाकाठच्या विजयस्तंभाकडे लोटतो, त्याच्या वाटेवरच आपली सणसवाडी आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः त्या स्तंभास मानवंदना देण्यास आले होते, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. तेव्हा त्यांचे समग्र चरित्र येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु आज आपल्या समाजातील काही मुले-मुली परदेशी शिकावयास जाऊ लागली आहेत. आणि कारखान्यांमुळे परगावची कितीतरी कुटुंबे या परिसरात खोली शोधीत फिरताना आपण पाहतो. म्हणून बाबासाहेब परक्या शहरी प्रथम गेले तेव्हा तेथे कसे स्थिरावले, एवढीच हकीकत आम्ही या स्मरणिकेसाठी निवडली आहे.

मुंबईस परळच्या चाळीत सुभेदार रामजींचे बिऱ्हाड एका खोलीत होते. तीच निजण्याची, तीच स्वयंपाकाची व तीच अभ्यासाची जागा. परीक्षेच्या दिवसांत सुभेदार मुलाला लवकर निजवीत, आपण मध्यरात्र उलटेपर्यंत जागत, आणि दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी देह ठेवला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ४ जून १९१३ रोजी, श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाशी बाबासाहेबांचा करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. घरी पत्नी रमाबाई व तान्हा यशवंत यांना ठेवून बावीस वर्षांचा हा तरुण बोटीत चढला आणि जुलै महिन्यात न्यूयॉर्कला उतरला.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांची पहिली सोय झाली. परंतु तेथील अन्न त्यांना मानवेना. पदार्थ अर्धकच्चे, आणि त्यांत गोमांसच अधिक. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली व पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबात काही हिंदी विद्यार्थी राहत होते, त्यांच्या सोबतीस ते गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जुळला, तो जन्मभर टिकला. परदेशी गेलेल्या कोणाही मुलाने हा क्रम ओळखावा: आधी अन्नाची अडचण, मग आपल्या माणसांचा शोध, आणि मग एखादा जिवाचा मित्र.

पहिले काही महिने अभ्यासात त्यांचे मन फारसे लागले नाही. खेळ, गप्पा आणि मित्रमंडळी यांतच ते रमले. आम्हांस यात नवल वाटत नाही. ज्याला शाळेत आपले गोणपाट घरून न्यावे लागे व पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची मुभा नव्हती, तो येथे सर्वांबरोबर एका मेजावर जेवत होता. अमेरिका हे समतेचे माहेर होते असे मात्र कोणी समजू नये. त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांस कायद्यानेच वेगळे ठेवलेले होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे पुढारी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तोही याच प्रश्नाच्या संदर्भात.

मग एका रात्री त्यांचे त्यांनाच वाटले की, घरची माणसे पोटास चिमटा घेत असता आपण येथे वेळ घालवणे बरे नव्हे. तेव्हापासून दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास सुरू झाला. अर्थशास्त्राचे २९ व इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. सेलिग्मन व ड्यूई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. जेवण म्हणजे कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा वा माशांचा एखादा पदार्थ. उरलेल्या पैशांतून घरी पाठवावयाचे, आणि त्यातूनही वाचले तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जावयाचे! अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली. जून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या वर्गापुढे त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्यानंतर ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली तेथील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ज्या बोटीने सामान व पुस्तके पाठविली होती ती युद्धात पाणबुडीने बुडविली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, तेच बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडले.

परक्या मुलुखात आठवडाभरात दुसरी जागा मिळविणाऱ्या या विद्वानास बडोद्यात मात्र राहावयास खोली मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावरील ती कोठडी, खाली अडगळीचे दालन, रात्री एक कंदील, आणि सोबतीस कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिन्यावर चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्याचे बजावून गेले. दोघा ओळखीच्या गृहस्थांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. संस्थानचा हुकूम, महाराजांचा लोभ, कोलंबियाची पदवी, यांतील काहीएक त्या दिवशी कामास आले नाही.

हेही सांगितले पाहिजे की, १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपये उसने देणारे नवल भथेना हेही पारशीच होते. लंडनमधील भाड्याच्या खोलीत अर्धपोटी राहून, रात्री पापड भाजून खाऊन त्यांनी उच्च पदव्या मिळविल्या. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ साली, म्हणजे ते भीमाकाठी येऊन गेले त्याच वर्षी, रीतसर प्राप्त झाली.

१९३० नंतरच्या काही वर्षांत दादरला राजगृह उभे राहिले. त्यात माणसांइतकीच जागा पुस्तकांकरिता योजिलेली होती. परळच्या चाळीत ज्यांनी त्यांच्या परदेशवासाची सारी वर्षे ओढगस्तीत काढली, त्या रमाबाईंस या घराचे सुख फार थोडे लाभले. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले.