आद्य आचार्य श्रीनागदेव आणि त्यांचा परिवार

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा सोडून आलेली आपली उपदेशी कुटुंबे आज स्थिरावली आहेत. त्यांत कोणी मुकादम आहेत, कोणाच्या हाताखाली दहावीस माणसे राबतात. दिवसभर इतरांना कामास लावणाऱ्याने आपले स्मरण आणि आचार कसा सांभाळावा, असे हे बांधव विचारतात. अशा वेळी आद्य आचार्य श्रीनागदेव, म्हणजेच भटोबास, यांचे चरित्र डोळ्यांपुढे येते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेल्या भक्तपरिवारापाशी ना मठ होता, ना ग्रंथ. होती ती केवळ आठवण. वियोगाने सर्वच व्याकूळ झाले होते, स्वतः भटोबासही. अशा परिवाराची पांगापांग व्हावयास वेळ लागत नाही. परंतु भटोबासांनी गादी मांडली नाही. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते सर्वांसह रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या संनिधानी गेले आणि प्रभूंच्या अवसानापर्यंतची वर्षे त्यांनी दास्यात घालविली. प्रभूंची लीळा बालवत, क्षणात रोष, क्षणात कृपा. ज्याच्या शब्दावर पुढे सारा परिवार चालावयाचा होता, तो तेथे दुसऱ्याच्या शब्दावर चालत होता. त्यांच्या आचार्यत्वाची घडण येथेच झाली, असे आम्हास वाटते.

त्यांची माता आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलत भगिनी महदाइसा, तिघींनीही परमार्गच धरला होता. महदाइसा तर स्वामींनाही प्रश्न विचारून विषयाच्या तळाशी जाणाऱ्या. रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेत त्यांनी धवळे गाइले.

रिद्धपुरीच म्हाइंभटांनी भटोबासांना स्वामींच्या लीळांचे मनन करताना पाहिले, आणि त्या लिहून ठेवण्याचा विचार निघाला. म्हाइंभट विद्वान गृहस्थ. पण ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन, प्रसंगी शेताच्या बांधावर बसून, ती त्यांनी मिळविली आणि भटोबासांकडून पारखून घेतली. लीळाचरित्राच्या शीर्षस्थानी भटोबासांचे नाव नाही. त्यांनी दुसऱ्याच्या हाताला काम दिले आणि सत्यासत्याचा भार आपल्याकडे ठेवला.

त्यांची खरी कसोटी मात्र केशोबासांच्या प्रसंगी लागली. केशोबास संस्कृताचे पंडित, सूत्रपाठाचे संकलक. त्यांनी संस्कृतात केलेली रचना सुंदर होती, आणि तशीच पुढे लिहीत गेले असते तर पैठण-देवगिरीच्या पंडितसभांत पंथाचा मान वाढला असता. भटोबासांनी नकार दिला. आपल्या परिवारातील म्हाताऱ्या या लाभास मुकतील, एवढेच त्यांचे कारण. पंडित आणि केशोबास संस्कृत वळणाने शंका विचारू लागले, तेव्हाही स्वामींनी आपणास मराठीत निरूपण केले आहे, त्याच भाषेत विचारावे, असे त्यांनी सांगितले. सर्वांत गुणी शिष्याचे मन मोडणे सोपे नसते. ज्या स्त्रिया आपली बाजू मांडावयास पुढे आल्या नसत्या, त्यांच्यासाठी त्यांनी ते मोडले. आणि केशोबास रुसून गेले नाहीत, यात दोघांचीही थोरवी दिसते.

पुढील काळात आपल्याच पूर्वजांनी हे ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत बंद केले. रक्षणाचे कारण समजते. तरी त्या म्हाताऱ्यांची आठवण होऊन मन थोडे खट्टू होते. रिद्धपुरास २०२४ मध्ये मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले, हे ऐकून भटोबास काय म्हणाले असते कोण जाणे!

प्रभूंच्या पश्चात ते गंगातीरी निंबे येथे राहिले. भिक्षा, अटन, विजन यांत आचार्य म्हणून त्यांनी स्वतःस सूट घेतली नाही. शके १२१४ मध्ये रुक्मिणीस्वयंवर रचणारे कवी नरेंद्र, रामदेवरायाने देऊ केलेले सुवर्ण नाकारून, याच भिक्षुकांच्या मेळ्यात येऊन बसले. शके १२२४, म्हणजे इ.स. १३०२ मध्ये, भटोबासांचे देहावसान झाले. त्यानंतर परिवार बाइदेवबासांच्या आज्ञेत राहिला.